टॅक्सी आली नाही तर

मी वर्क परमिटवर लीड्सला होते तेव्हा शेजारी एक म्हातारे अमेरिकन राहायचे. तरुणपणी ते व्यावसायिक बेसबॉलमध्ये राखीव कॅचर होते, म्हणजे मुख्य कॅचरला दुखापत झाली तरच मैदानात उतरायचं. त्या मेल्याला कधी दुखापतच होत नसे. “पण पॅड मी रोज बांधायचो,” ते ऐटीत सांगत.

ती सवय काही सुटली नव्हती. मी टॅक्सी बोलावली की हे कोट चढवून, आपली गाडी चालू करून दारात उभे. टॅक्सी आली नाही तर? ती नेमकी यायची, आणि हे गाडी बंद करून मुकाट घरात जायचे.

मला ते बघवेना. आई पुण्याला परत निघाली त्या दिवशी मी टॅक्सी बोलावलीच नाही.

“एअरपोर्टला आज तुम्हीच न्यायचं,” मी त्यांना म्हणाले.

“मी?” ते दचकले. घरात पळाले, कुणाला तरी फोन केला आणि चक्क टाय बांधून बाहेर आले.

मोटरवेवर आईने मागे वळून पाहिलं. “अगं, ती रिकामी टॅक्सी घरापासून आपल्या मागे का येतेय?”

मी त्यांना विचारलं.

“मला दुखापत झाली तर?” ते म्हणाले.