जनरलसाहेबांचा हार

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला माझे केस कापणारे म्हातारे व्हिएतनामी काका दुकान उघडलं की आधी भिंतीवरचा त्यांच्या जनरलचा फोटो पुसतात. जनरलशेजारी एक मिसरूड फुटलेला सैनिक उभा आहे. "कम्युनिस्टांपुढे साहेब झुकले नाहीत. सैगॉन पडलं तरी हलले नाहीत, तिथंच मेले," हे ते आरशात बघून सांगतात, आणि माझी मान जरा वळली की दरडावतात, "हलू नकोस!"

यंदा साहेबांच्या स्मृतिदिनाला मी इंडियन स्टोअरमधून चंदनाचा हार नेला आणि आपल्याकडे घालतात तसा फ्रेमला घातला. काकांनी हात जोडले. मग सैनिकावर बोट ठेवून म्हणाले, "हा मी."

जिवंत माणसाच्या फोटोला हार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी काका, आमच्यात हा फक्त गेलेल्यांना घालतात," म्हणत मी तो काढायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. साहेब थांबले. मी पळून जाणाऱ्यांच्या बोटीत चढलो," ते खाली बघत म्हणाले.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा हार तिथंच होता. सैनिकाच्या चेहऱ्यावर मात्र काकांनी कागद चिकटवला होता.