पुरावा आढळला नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — पत्नीला नाही, धाकट्या भावाला तर मुळीच नाही. आणि आज सांगतो आहे तेही नरमलो म्हणून नव्हे, संतापलो म्हणून.

मध्यंतरी एका गृहस्थांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की जीवशास्त्राचे शोधनिबंध असे सर्वांना फुकट खुले ठेवणं घातक आहे; सामान्य माणूस ते वाचतो आणि भलताच अर्थ काढतो. मी वाशीमच्या न्यायालयात हयातभर लिपिक होतो. निवृत्तीनंतर संपादकांना पत्रं लिहिणं हाच माझा उद्योग. त्यांना सणसणीत उत्तर धाडलं — जनतेच्या करातून झालेलं संशोधन जनतेपासूनच कुलपात ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पत्र छापून आलं. लोकांनी पाठ थोपटली. त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. फक्त एक गोष्ट मी त्यात लिहिली नाही.

जऊळक्याच्या अलीकडे आमचं गाव. गावाला तळं. सुगंधाबाई आणि तिच्या घरचे तिथे मासे धरत. एका पावसाळ्यात ते मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. आमच्याकडे तणनाशकाची फवारणी झाली, की पंप तळ्यातच धुतात — तेव्हाही, आजही. सुगंधाबाईने ग्रामसभेत मागणी केली: पाणी तपासून घ्या, आणि तोवर तळ्यात पंप धुणं बंद करा. कोण धुतं, असं सरपंचांनी विचारल्यावर तिने नाव घेतलं — माझ्या भावाचं.

मी उभा राहिलो. मोबाइलवर एक शोधनिबंध उतरवून घेतला होता. त्याच औषधाचा माशांवर काय परिणाम होतो, याविषयीचा. त्यातलं एक वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं — अपाय होतो असा पुरावा आढळला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! आता कागद खोटं बोलून राह्यला काय वं बाई?"

ती माझ्याकडेच पाहत होती. "भाऊ, कागद इंग्रजीतला हाये. मासे काई इंग्रजीतून नाई मेले."

सभा हसली — तिच्या बाजूने. ते मला सोसलं नाही. मी म्हणालो, आरोप मागे घ्या, नाहीतर अब्रुनुकसानीची नोटीस येईल. नोटीस या शब्दाचं वजन त्या सभेत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. "घेतलं मांगं," म्हणाली आणि खाली बसली. ठराव बारगळला.

आता ऐका. त्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य होतं. चाचणी मोजक्याच माशांवर, थोडाच काळ केलेली आहे. यावरून औषध निर्धोक ठरत नाही — अशा अर्थाचं. ते मला समजलं नसेल, असं तुम्हाला वाटतं? पुराव्याअभावी सुटलेला आणि निर्दोष ठरलेला, यांतला फरक ज्याने जन्मभर निकालपत्रांत टंकित केला, त्याला? मी ते घरी वाचलं होतं. अर्थ लावला होता. सभेत मुद्दाम त्याच्या अलीकडे थांबलो.

तेव्हा त्या गृहस्थांना पुन्हा बजावतो — आपलं कुलूप आपल्याजवळ ठेवा! इथे सामान्य माणसाने भलता अर्थ काढलेला नाही. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या कामाची मर्यादा स्वतः लिहून ठेवली होती. निबंध जगाला खुला होता. आमच्या गावापुरता तो मी बंद केला. दोष इंग्रजीचा नाही, कायद्याचा नाही — आणि भावाच्या मायेचा तर नाहीच. चारचौघांत हरणं मला जमत नाही, एवढंच.

पुढल्या पावसाळ्यात मासे पुन्हा तरंगले. या वेळी सुगंधाबाईने ग्रामसभेत मागणी केली नाही. मग ती माणसं तळं सोडून वीटभट्टीवर गेली.

मासे त्या औषधानेच मेले का? मला माहीत नाही. सुगंधाबाईलाही माहीत नव्हतं — म्हणूनच तर ती तपासा म्हणत होती. मी तपासू दिलं नाही.