अल्फाबाईंच्या घरी

कुपवाडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कथा वाचायची मला सवय लागली. एका मराठी मालिकेतल्या दोन मित्रांना घेऊन चाहते त्यांच्या प्रेमाच्या कथा लिहितात. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यातला एक प्रकार भलताच खपतो. त्यात माणसं जन्मतःच वरची किंवा खालची असतात. हुकूम सोडणारे ते अल्फा, ऐकणारे ते ओमेगा. ओमेगा पुरुष असला तरी त्याला दिवस जातात.

दोघंही पुरुष म्हटल्यावर इथं तरी सासुरवास नसेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! ओमेगा पहाटे उठून चहा टाकतो, सासूच्या पाया पडतो आणि थोबाडीत बसली की ‘जीव आहे म्हणूनच रागावतात’ म्हणत उशीत तोंड खुपसतो. बाईला कथेतून हाकललं, तिचं लुगडं तेवढं ठेवून घेतलं.

शेवटी मीच एक कथा लिहिली. माझा ओमेगा मार खाल्ल्यावर पिशवी भरतो, साताऱ्याची एसटी धरतो आणि परत येत नाही. कथेखालच्या प्रतिक्रियांत बायकांनी शिव्या घातल्या. ‘ओमेगा असा वागतच नाही’ म्हणे!

तरीही या प्रकारातल्या सगळ्यात नावाजलेल्या लेखिकेनं मला आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं आणि बाकीच्या लिहिणाऱ्यांबरोबर सांगलीत घरी बोलावलं. दारातच गंमत म्हणून प्रत्येकीच्या खांद्यावर चिठ्ठी चिकटवली. स्वतःला आणि मैत्रिणींना अल्फा. मला आणि कवठे महांकाळहून आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला ओमेगा.

“ओमेगा, पाणी आणा गं,” बाई सोफ्यावरून म्हणाल्या. सगळ्या खिदळल्या. मुलगी पळत आत गेली.

“तुम्ही काय बसलाय? चहाचं बघा की.”

“अहो, घर तुमचं. साखरेचा डबा कुठं आहे ते मला काय ठाऊक?”

“गंमत कळत नाही का तुम्हाला?”

“कळते की. आता तुम्ही ओमेगा व्हा, मी बसते सोफ्यावर.”

मी चिठ्ठी काढून पुढं धरली. कुणी हसलं नाही. बाईंनी ती घेतलीही नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. मुलगी कप विसळत होती. “चल, निघू या,” मी म्हणाले.

“तुमी जावा, ताई. ह्या बाई ज्या कथेचं नाव घेत्यात ती लय वाचली जाती. माझी कुनी उघडूनबी बघत न्हाई. दोन कप धुतलं म्हून काय हात झिजत्यात व्हय?”

मला तिची कीव आली नाही, रागच आला. पोरगी हुशार होती, हिशोब करून वाकत होती. मी चप्पल घातली आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

पुढं बाईंनी खरोखरच तिच्या कथेची शिफारस केली. मीही वाचली. तिचा ओमेगा ओल्या बाळंतपणात चुलीपुढं भाकऱ्या थापत होता, आणि खाली बायका लिहीत होत्या, ‘किती गोड!’