पुतळी समजून

२०१४ साल असेल. ओमानमधल्या इब्रा गावच्या बाजारात एका सोन्याच्या दुकानामागच्या खोलीत माझं काम चालायचं. दागिने जोडायचे, धुवायचे, चमकवायचे. शाळा आठवीत सुटली, मग मामाच्या हाताखाली हेच शिकलो. त्याच्या जोरावर ओमानला येता आलं, हे मी कधी विसरलो नाही. भीती विसरू देत नव्हती. काही चुकलं की अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, परत पाठवील, हे रोजचं.

दुकानात एक निवृत्त शिक्षक यायचे. तिथलेच, ओमानी, पण हिंदी येणारे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. मला ताप भरला तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं आणि सलाईन संपेपर्यंत बसून राहिले. एकदा त्यांनी रुमालात बांधून एक नाणं आणलं, वडिलांच्या पेटीत सापडलेलं. सोनं आहे का तेवढं बघून ठेव, गुरुवारी येतो, म्हणाले.

कसोटीवर रेघ पिवळीधमक उठली. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला, खांद्यावर भाला टाकलेला राजा. दुसऱ्या बाजूला पंखांची उभी बाई. मला ती सरळ पुतळीच दिसली, आईच्या माळेत असतात तशी. आणि पुतळी म्हटली की तिला कडी हवी, चमक हवी. उस्तादांचे उपकार थोडे तरी फिटतील, म्हणून कोणाला न विचारता कडी जोडली आणि नाणं चमकवायच्या बफच्या चाकाला लावलं. जरा जास्तच वेळ. कडेला बारीक अक्षरं होती. मला वाचता येत नव्हती, म्हणून ती मळासारखीच वाटली.

गुरुवारी उस्ताद जाडजूड पुस्तक घेऊन आले. नाणं दीड हजार वर्षांपूर्वीचं, रोमच्या उतरत्या काळातल्या दोन राजांपैकी एकाचं असणार, असं त्यांनी हौसेने सांगितलं. एक राजा सातव्या वर्षी गादीवर बसला आणि चाळीसवर वर्षं राहिला. त्याच्याच काळात राजधानीला मोठा तट बांधला गेला. त्याच्यानंतरचा आधी साधा सैनिक होता. दोघांच्या नाण्यांवर तोच भाला, तेच शिरस्त्राण. कोणाची राजवट ते कळतं फक्त कडेच्या नावावरून.

बोलता बोलता त्यांनी भिंग लावलं. नाणं फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"रफीक, नाम पहले से घिसा हुआ था?"

अर्बाब काउंटरवरून आमच्याकडेच बघत होता.

"हां उस्ताद. पहले से."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. इतक्या हातांतून आलेलं, झिजणारच, म्हणाले. मागितली नव्हती तरी कडी छान लावलीस, असं अर्बाबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांना वाटलं, मला त्यांच्यासाठीच वाईट वाटतंय. खांद्यावर हात ठेवला.

"तुम क्यों शर्मिंदा होते हो, बेटा?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, उस्ताद, चहा आणू?