पाटीवरची तिसरी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं ती माई तर गेल्या महिन्यात गेली. उरलात तुम्ही.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या लालबागेत आमच्या गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली आहे. वस्तीचं केंद्र म्हणतो आम्ही तिला. नोकर नाही, पगार नाही. दर आठवड्याला एका घराकडे किल्ली जाते. त्या घरानं झाडायचं, माठ भरायचा, चार वाजता दार उघडायचं. पोरं अभ्यास करतात, बायका शिवण शिकतात, म्हातारे पेपर वाचता वाचता पेंगतात. खिडकीतून पिवळं ऊन आत येतं आणि बराच वेळ रेंगाळतं. भिंतींना अजून पिकल्या केळ्यांचा वास येतो — की मलाच तो भास होतो?

कारण ती माईची केळी पिकवायची खोली होती. माई तापीकाठच्या शेतकरी घरातली, एकटी राहणारी. आम्ही कागद कारखान्यातल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली माणसं, इथे कुणाचेच कुणी नव्हतो. एका दुपारी तिनं सगळे घड बाहेर काढले, सतरंजी अंथरली आणि गल्लीतल्या बायकांना हाक मारली — "या गं, बसा." केंद्र सुरू झालं ते असं. माझे वडील तेव्हा हसले होते. पुढे दोन वर्षं ते अध्यक्ष होते, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी ठरलं, केंद्राचा इतिहास पत्र्याच्या पाटीवर लिहून दाराशी लावायचा. मी शाळेत मराठी शिकवायचो, अक्षर बरं. मजकूरही माझा, ब्रशही माझ्याच हातात.

इथे माझं पेन अडतं. किती दिवस अडलंय — पण लिहितो.

तिसऱ्या ओळीत मी 'केंद्राचे संस्थापक' असं लिहिलं आणि पुढे वडिलांचं नाव घातलं. ते नुकतेच वारले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा असं होतं, इतकंच. कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांना ती दुपार माहीत नव्हती, आणि ज्या बायकांना ती आठवत होती त्यांना वाचता येत नव्हतं.

माईलाही येत नव्हतं. पाटी लागली त्या दिवशी ती जवळ आली. "मास्टर, माझं नाव कुठं लिखलं रे? दाखव ना जरा."

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी तिचं बोट धरलं आणि तिसऱ्या ओळीवर ठेवलं. "हे बघा माई, इथे." तिनं बोट हळूहळू सरकवत नेलं, वडिलांच्या आडनावापर्यंत. मग हसली. "इतकं लांब नाव हाय माझं?"

त्यानंतर किल्लीची पाळी आली की ती आधी पदरानं तेवढीच ओळ पुसायची. शेजारणीला चिडवायची — "तुझं नाव तर राशनकार्डावरचं बी मिटून गेलं, माझं बघ कसं चमकतं!" बायका हसायच्या. मी पेपरात डोकं घालून बसलेला असायचो. अशी अकरा वर्षं. मऊ, झोपाळू दुपारी, ऊन, आणि पत्र्यावरून फिरणाऱ्या पदराचा तो बारीक आवाज.

तेराव्याला सगळे त्याच खोलीत जमलो होतो. माईची नात इंदूरला कॉलेजात शिकते, केंद्रात ती पहिल्यांदाच आली होती. तिनं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, मग माझ्याकडे वळली. "सर, आजी म्हणायची तिचं नाव इथं आहे. मला तर दिसून नाही राहिलं."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "मध्यंतरी पाटी पुन्हा रंगवली ना — रंगाऱ्याकडून राहून गेलं."

"अच्छा," ती म्हणाली. मग मलाच समजावल्यासारखं हळू बोलली, "कोई बात नहीं, सर. तिनं तर पाहिलं होतं ना."

मी हो म्हणालो.

पाटी एकदाच रंगवली गेली आहे, आणि ती मी रंगवली. केंद्र माईनं सुरू केलं. ते मी लिहिलं नाही.