मिटणारी फुलं

विश्रामबागेतल्या माझ्या गॅलरीत कॅलेंडुलाच्या कुंड्या आहेत. आज सुकलेली फुलं खुडताना बोटांना तो चिकट, कडवट वास लागला आणि मी थेट तासगावच्या घरी, अण्णांच्या उशाशी जाऊन पोचले.

परसातला केशरी वाफा अण्णांचा. सुकलं फूल ते झाडावर राहू देत नसत. बी धरलं की बहर थांबतो, म्हणायचे. ही फुलं संध्याकाळी मिटतात आणि ऊन आलं की उघडतात. म्हणून आई रोज सकाळी अण्णांना हाक मारायची, "आवं, उठा. फुलं उघडली तुमची."

अण्णा दुपारी गेले. दादा फौजेत, लांब. त्याला फोनवर फक्त तब्येत बिघडल्याचं कळवलं, आणि तो येईपर्यंत अण्णांना घरातच ठेवायचं ठरलं. शेजाऱ्यांनी झेंडू समजून सगळा वाफा खुडून आणला आणि फुलं त्यांच्या छातीवर वाहिली. संध्याकाळी ती मिटली. तेवढंच मला बरं वाटलं.

सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि खुडलेली असूनही ती फुलं उघडली. आई बघत राहिली. मग रोजच्याच आवाजात म्हणाली, "आवं, उठा. फुलं उघडली तुमची."

तेव्हा मला आईची भीती वाटली होती. आता राग येतो तो फुलांचा.

कारण दादा नेहमीसारखा मागच्या दारानं, त्या ओक्याबोक्या वाफ्यातून आला होता. त्यानं तेवढंच ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खांद्यावरची बॅग खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "निजू दे की गं त्यास्नी."