धाकटीचं फोनमधलं दुकान

आमच्या धाकटीचं, म्हंजे माझ्या जावेचं, अनिताचं कौतुक ऐकायचं असंल तर टाकव्यात कुणालाबी विचारा. फक्त मला विचारू नका. मला विचारलं तर मी खरं सांगते, आणि खरं कुणाला नको असतं.

ती खंडाळ्याची. बाप एका बंगल्यावर राखणदार, आई तितंच धुणीभांडी करायची. सुट्टीला मुंबईची माणसं यायची, त्यांच्याशी बोलून बोलून हिची जीभ अशी गोड झाली, की हिच्याशी भांडायला जावं आणि चहा पिऊन परत यावं. बारावी शिकलेली, दिसायला बरी, कामाला चटपटीत. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत सगळ्या गावाची अनितावहिनी झाली. मी ह्या घरात वीस वर्षं राबले, मला अजून 'विठ्ठलची बायकू' म्हणत्यात.

म्हणू द्या. माझ्याकडं एक गोष्ट व्हती, जी तिच्याकडं नव्हती. माझा हात.

आमच्या घरात बैलांचा साज करायचं काम पिढीजात हाय. कासरे, म्होरक्या, कपाळाला आणि शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. सासूबाई, येसूबाई त्यांचं नाव, गोंडा वळायला बसल्या की आळीतल्या बाया बघायला यायच्या. त्यांनी आमा दोघींनाबी शिकवलं. मी शिकले, धाकटीनं नुसतं बघितलं. तिचा गोंडा मानेशी सैल पडायचा, पाणी लागलं की पिंजारायचा. सासूबाई जाताना भरल्या घरात बोलून गेल्या, नंदाच्या हातात माझा हात हाय. धाकटीच्या समोर बोलल्या. तेवढं एक माझं व्हतं, आणि ते कुणी घेऊन जाऊ नये, एवढंच मला पायजे व्हतं.

वाटण्या झाल्या तवा कामशेतचं दुकान आमच्या मालकांकडं आलं आणि ओढ्याकडचं भातखाचर ओंकारभावजींकडं गेलं. मी घरी गोंडे वळायचे, मालकांनी दुकानात विकायचे, असं आमचं चाललेलं. भावजी एका कंपनीत कंत्राटावर व्हते. दिवाळीनंतर कंत्राट संपलं, भावजी घरी बसले, आणि धाकटीच्या डोक्यात दुकान शिरलं. फोनमधलं दुकान.

पहिल्यांदा माझ्याकडंच आली, खोटं कशाला बोलू. म्हणली, आक्का, तुमचा हात आणि माझा फोन, दोघी मिळून करू. मी म्हणलं, बाई, फोनात बैल बांधतंय व्हय कुणी? गिऱ्हाईक गोंडा हातात घेतंय, दाबून बघतंय, ओढून बघतंय, मग खिशात हात घालतंय. तुझ्या फोनात काय दाबणार? ती हसली आणि गेली. मला वाटलं, विषय संपला.

विषय कसला संपतोय. भांडवल म्हणाल तर तिच्याकडं नावाला नव्हतं. बाया म्हणल्या बचत गटातनं कर्ज काढ, तर म्हणली, आधी चालतंय का बघू, मग बघू. भावजींचा जुना फोन, काचेला तडा गेलेला. दुकानाचं पान फुकटात मिळतं म्हणे, ते तिनं एकटीनं मांडलं आणि त्याला 'मावळ साज' नाव दिलं. किराणावाल्याकडनं रिकामी खोकी आणली. आतली वस्तू हलू नये म्हणून लोक काय काय महागाचं भरत्यात, हिनं भाताचा पेंढा भरला. त्याचंबी कौतुक झालं. एका गिऱ्हाइकानं लिव्हलं म्हणे, खोकं उघडलं आणि घरात गावाचा वास आला. पेंढ्याचं कौतुक! आमच्या गोठ्यात ढीग पडलाय, त्याला कुणी चांगलं म्हणलेलं मी तरी ऐकलं न्हाई.

फोटो काढायला तिच्याकडं बैल नव्हता, त्यांनी वाटणीनंतर विकून टाकलेला. मग आमचा राजा नेला. मला न्हाई विचारलं, मालकांना विचारलं. घरातली पांढरी चादर भिंतीला बांधली, म्होरं राजाला उभं केलं, कपाळावर गोंडे सोडले. अर्धी आळी गोळा झाली. राजानं चादरीचं टोक चघळायला घेतलं तशी सगळी हसली, आणि धाकटीनं नेमका तोच फोटो दुकानाच्या तोंडावर लावला. मी ओट्यावरनं बघत व्हते. जीव असा जळत व्हता, काय सांगू. बैल माझा, वैरण माझी, आणि उभा कुणाच्या दुकानात, तर हिच्या. मालकांना बोलले तर म्हणले, तुझ्या पोटात का दुखतंय? मी म्हणलं, माझं पोट हाय, दुखंल न्हाईतर काय बी करंल.

माझ्याकडं साधा बटणांचा फोन. तरी तिचं दुकान मला रोज बघायला लागायचं, कारण पाण्याला गेलं की बाया आपापले फोन काढून दाखवायच्या. फोटोत बैल मोठा आणि गोंडा बारका, त्यामुळं वळण काय कळायचं न्हाई. पण खाली गिऱ्हाइकांनी लिव्हलेलं त्या मोठ्यानं वाचायच्या. किती सुबक हात, किती घट्ट काम. घट्ट? धाकटीचं? त्या दिवसापास्नं मला जेवण गोड लागंना.

आषाढ लागला तसा तिच्या दारात खोक्यांचा ढीग पडायला लागला. आमच्या मावळात पोळा भाद्रपदात असतो. आमचा सगळा धंदा तवाच. पण विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणाच्या शेवटाला, आणि सांगली-कोल्हापूरकडं बेंदूर त्याच्याबी आधी. म्हंजे आमच्या दुकानाला वर्षाचा एक सण, आणि हिच्या दुकानाला तीन. इतकी वर्षं ह्या धंद्यात, पण मला हे कधी सुचलं न्हाई. तिला सुचलं, म्हणून मला तिचा अजूनच राग.

तसं आमच्याकडंबी त्या वर्षी अवेळी माल लागायला लागला. मालक म्हणायचे, वळ, अजून वळ, मागणी हाय. आषाढात कोण गोंडे घेतंय म्हणून विचारलं, तर म्हणले, शर्यतवाले. मी खूश. लोकर मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची आणि धाकटीच्या कानावर जाईल असं म्हणायची, आमचं दुकान काय फोनात न्हाई बाई, तरी हाताला उसंत न्हाई. ती आतनं म्हणायची, चांगलंच हाय की आक्का. तिचा तो गोडवा मला मिरचीसारखा झोंबायचा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेत सरपंचांनी तिचा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. माइकवर म्हणले, अनितावहिनींच्या हातचे गोंडे नागपूरपर्यंत पोचले. हातचे! मी मागच्या रांगेत बसलेली. सासूबाई हात देऊन गेल्या मला, आणि गावासमोर हात कुणाचा, तर हिचा. माझं एवढंच तर व्हतं. धाकटीनं माइक घेतला, म्हणली, ह्यात माझं एकटीचं काय न्हाई, घरच्यांचं हाय, आणि माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. माइक हातात आला की सगळेच असं बोलत्यात.

तिथनं उठले, घरी गेलेच न्हाई. कामशेतला गाडी धरली आणि घोरावाडीला उतरले. तितं माझ्या बहिणीची लेक समीक्षा ऱ्हाती, तिच्याकडं मोठा फोन. तिला म्हणलं, धाकटीच्या दुकानातनं गोंड्यांची एक जोडी मागव. समीक्षाचं नाव धाकटीला ठाऊक, म्हणून शेजारच्या हुमेराला विचारून तिच्या नावानं मागवली. मग म्हणलं, आता खाली लिव्ह, गोंडा कसा हाय ते.

"मावशी, अगं वस्तू आलीच न्हाई अजून."

"येईल की. मला तिचा हात माहीत न्हाई व्हय?"

मी सांगत गेले, ती बिचारी लिव्हत गेली. गोंडा सैल, पीळ कच्चा, एका धुण्यात पिंजारला, करणाऱ्या बाईला कुणी शिकवलेलं दिसत न्हाई. पाच चांदण्यांतली एक द्यायला लावली. एकबी द्यायची नव्हती, पण समीक्षा म्हणली, त्याच्या खाली देता येत न्हाई. नावाच्या जागी नुसतं 'ग्राहक'. परत येताना गाडीत खिडकीशी बसले आणि किती दिवसांनी जीवाला गार वाटलं.

पुढच्या आठवड्यात पार्सल आल्याचा निरोप आला, तशी मी परत घोरावाडीला. खोकं मीच उघडलं. पेंढा बाजूला केला, जोडी हातात घेतली, मान दाबून बघितली. घट्ट. उजेडाला धरून पीळ बघितला, मग जोडीतला दुसरा घेऊन त्याचाबी बघितला. मी डावरी. सगळ्यांचा पीळ एका अंगाला पडतो, माझा दुसऱ्या अंगाला. मला शिकवताना सासूबाई कपाळाला हात लावायच्या. असा उलटा पीळ मावळात मी दुसऱ्या कुणाचा बघितलेला न्हाई. ते गोंडे माझे व्हते.

मग आषाढातले शर्यतवाले कोण, ते कळलं. माल भरून ठेवायला धाकटीकडं पैसा नव्हता. ऑर्डर आली की ती आमच्याच दुकानातनं उचलायची आणि पेंढ्यात घालून पाठवायची. मालकांनी माझ्यापास्नं लपवलं, कारण मला कळलं असतं तर मी तिला एक गोंडा दिला नसता. बरोबरच हाय त्यांचं. नसताच दिला.

म्हंजे नागपूरला गेला तो माझा हात. सुबक म्हणले ते मला. आणि अख्ख्या दुकानात एकच वाईट लिव्हलेलं, तेबी मलाच, आणि लिव्हणारीबी मीच. समीक्षाला म्हणलं, काढ ते आधी. तिनं पान उघडलं आणि थांबली. त्याच्याखाली धाकटीनं उत्तर दिलं व्हतं. समीक्षानं वाचून दाखवलं.

"गोंडा आवडला नसेल तर कळवा, पैसे परत करते, गोंडा परत पाठवायचीही गरज नाही. पण करणारीच्या हाताला नावं ठेवू नका. माझ्या हातचा गोंडा सैल होतो, म्हणून मी तो विकत नाही. हे माझ्या थोरल्या जाऊबाई नंदाबाई यांच्या हातचं काम आहे. आमच्या सासूबाईंचा हात त्यांच्याकडे आला. असा हात आमच्या मावळात दुसरा नाही."

मी म्हणलं, परत वाच. तिनं परत वाचलं. अजून एकदा म्हणलं. मग समीक्षा हळूच म्हणली, "मावशी, आपलं काढलं की त्याच्याखालचं हेबी जाईल."

हा हात माझा हाय, असं कुणी लिव्हून ठेवलेलं एवढंच. गावानं न्हाई, मालकांनी न्हाई. आणि लिव्हलं कुणी, तर हिनं. स्वतःचा गोंडा सैल पडतो हे जगासमोर सांगायला हिला काय वाटलं न्हाई. मला जमलं नसतं, आणि मला जमलं नसतं म्हणून तितं बसल्या बसल्या मला तिचा परत हेवा वाटला. ऱ्हाऊ द्यावं असं लय वाटलं. कुठला तरी माणूस वाचंल, त्याला कळंल नंदाबाईचा हात कसा हाय. पण लोक वाईट लिव्हलेलं आधी वाचत्यात, असं समीक्षा म्हणली, आणि आमच्याकडचा पोळा महिन्यावर आलेला. "काढ," म्हणलं. तिनं बोट लावलं आणि दोन्ही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर वळत बसलेली, तर धाकटी पेंढ्याची पाटी घेऊन आली. तोंड नुसतं उजळलेलं. दुकानात कुणीतरी लय वाईट लिव्हलतं, ते आज गेलं, असं सांगायला लागली. काय लिव्हलतं आणि आपण काय उत्तर दिलं, ते काय बोलली न्हाई.

"माझं वाचून लाज वाटली असंल त्याला," म्हणली.

मी लोकरीवरनं मान वर केली न्हाई. "व्हय," म्हणलं, "वाटली असंल."